फौंड्रीत कुलूप-टॅग पद्धत बसवताना: १२ मे ते ९ ऑगस्टच्या नोंदी

या नोंदी कोल्हापूर परिसरातील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातल्या आहेत. आमच्याकडे दोन इंडक्शन भट्ट्या, एक सँड प्लांट (साच्याची वाळू तयार करणारा विभाग), दोन मोल्डिंग (साचे बनवणारी) यंत्रे आणि फेटलिंगचा (ओतीव भाग घासून साफ करण्याचा) विभाग आहे. विद्युत देखभालीची जबाबदारी माझ्याकडे असून सोबत चार वायरमन आणि पाच फिटर आहेत. यंत्राच्या दुरुस्तीपूर्वी त्याची वीज तोडून, तोडलेल्या जागी कुलूप आणि टॅग लावण्याची पद्धत, जिला कारखान्यांत ‘लोटो’ म्हणतात, ती आमच्याकडे कागदावर होती आणि प्रत्यक्षात नव्हती. ती बसवताना आम्ही कुठे चुकलो, हे आमच्याएवढ्या इतर कारखान्यांतील देखभाल विभागांना उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवत आहे.

१२ मे

आज जे घडले त्यावरून हे काम सुरू झाले. आमचे सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते सँड मिक्सरच्या आत उतरून पात्यांना चिकटलेली वाळू खरवडत होते. वायरमनने पॅनेलचा स्विच पाडून हँडलला ‘काम चालू आहे’ असा पुठ्ठा सुतळीने बांधला होता. सुतळी सुटून पुठ्ठा केबलच्या चरात पडला. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला स्विच पडलेला दिसला, त्याने तो वर केला आणि मिक्सरचे बटण दाबले. आमच्या मिक्सरला सुरू होण्यापूर्वी दहा सेकंद भोंगा वाजतो. तो वाजताच “मी आत हाय, बंद करा!” असे ओरडत मामा बाहेर आले आणि त्यांचा दुसरा पाय दाराबाहेर पडल्यावर काही क्षणांतच पाती फिरू लागली.

दार उघडे असताना मिक्सर मुळात सुरूच व्हायला नको होता. परंतु दाराचा लिमिट स्विच चार महिन्यांपूर्वी खराब झाला, तेव्हा उत्पादन थांबू नये म्हणून मीच तार मारून तो बायपास केला होता आणि नवा बसवायचे राहून गेले. ही चूक माझी होती. ती अहवालात माझ्याच नावाने लिहिली आहे. लिमिट स्विच आज रात्रीच बदलला.

१४ मे

कारखाना अधिनियम १९४८ चे कलम २४ आज पुन्हा वाचले. वीज तोडणारे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’ स्थितीत जाऊ शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असली पाहिजे, असे या अधिनियमात (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) म्हटले होते. आमच्या पुठ्ठ्याने ही अट पूर्ण होत नव्हती.

व्यवस्थापनाकडून मंजुरी मिळाली, मात्र ‘उत्पादन न थांबवता’ या अटीवर. म्हणून प्रत्यक्ष कामे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आणि जेवणाच्या सुट्टीत करायची, असे ठरवले.

१६ ते १८ मे

प्रत्येक यंत्राला वीज कुठून येते याची यादी करण्यात तीन दिवस गेले. मला वाटले होते की कार्यालयातील विद्युत आराखडा समोर ठेवला की अर्ध्या दिवसात काम होईल. तो आराखडा कारखाना उभारतानाचा निघाला. त्यानंतर वाढवलेले कन्व्हेयर, धूळ खेचणारा पंखा आणि नवा कॉम्प्रेसर त्यात कुठेच नव्हते. शेवटी एका वायरमनला सोबत घेऊन केबल ट्रे पाहत यंत्रामागून यंत्र चालत गेलो. एकवीसपैकी नऊ यंत्रांना एकापेक्षा जास्त ठिकाणांहून वीज मिळते, असे आढळले. तीन पॅनेलांवरची नावे चुकीची होती, त्यांतल्या एकावर तर दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या यंत्राचे नाव होते. तशा पॅनेलला कुलूप लावले असते तरी माणूस ज्या यंत्रात उतरला आहे ते चालूच राहिले असते. त्यामुळे कुलपांची खरेदी थांबवून आधी सगळ्या पाट्या बदलल्या.

२१ मे

खरेदीत चूक झाली. लाल रंगाची, नायलॉनच्या अंगाची २४ सुरक्षा कुलपे प्रत्येकी २९० रुपयांनी, म्हणजे ६,९६० रुपयांना घेतली. सोबत दहा हॅस्प (एकाच स्विचवर अनेकांची कुलपे लावता येणारी कडी) १,८०० रुपयांना आणि एमसीबीला, म्हणजे छोट्या ब्रेकरला लावायच्या वीस क्लिपा २,४०० रुपयांना आल्या. पाकीट उघडल्यावर लक्षात आले की चोवीसही कुलपे एकाच किल्लीने उघडतात. दुकानदाराने “सेट स्वस्तात पडेल” असे सांगितले होते आणि मी त्याला हवा तो प्रश्न विचारला नव्हता. माझे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडत असेल, तर ते मला संरक्षण देत नाही. परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला.

ही कुलपे पिवळी रंगवून कायमच्या बंद ठेवलेल्या फीडरांसाठी (वीज पुरवणाऱ्या लाइनींसाठी) वापरायचे ठरवले. प्रत्येकाची वेगळी किल्ली असलेली ३० कुलपे प्रत्येकी ३४० रुपयांनी, एकूण १०,२०० रुपयांना नव्याने मागवली. जो मागवणार असेल त्याने मागणीपत्रावर ‘प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी, दुसरी किल्ली नको’ असे स्पष्ट लिहावे. आम्ही सोबत आलेली दुसरी किल्ली प्रत्येक कुलपामागे मोडून टाकली.

२६ मे

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कुलपे लावून पाहिली. नव्या पॅनेलांच्या फिरत्या हँडलना ती नीट बसली. जुन्या सात स्विच-फ्यूज युनिटांच्या हँडलमधील भोक लहान होते आणि कुलपाची सहा मिलिमीटरची कडी त्यात जात नव्हती. एका हँडलचे भोक ड्रिलने मोठे केले, कुलूप लावले आणि खात्री म्हणून हँडल जोराने फिरवून पाहिले, तर कुलूप तसेच राहून आतला दांडा फिरला आणि स्विच चालू झाला. वर्षानुवर्षांच्या वापराने हँडल आणि दांडा यांची बैठक झिजली होती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ते कुलूप पूर्ण भरवशाचे वाटले असते.

सातही युनिटे बदलायचे ठरले. खर्च प्रत्येकी ५,९०० रुपये, एकूण ४१,३०० रुपये. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता आणि त्याच्या मंजुरीसाठी नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत त्या सात यंत्रांवर काम करायचे असेल, तर फ्यूज काढून ते कुलूपबंद पेटीत ठेवायचे, अशी तात्पुरती व्यवस्था केली.

२ जून

आज मिक्सरवर पहिली पूर्ण चाचणी घेतली. क्रम असा ठरवला होता: ऑपरेटरला सांगणे, यंत्र नेहमीच्या बटणाने थांबवणे, पॅनेलचा मुख्य स्विच पाडणे, हॅस्प लावून त्यावर आधी वायरमनने आणि मग आत जाणाऱ्या फिटरने आपापले कुलूप लावणे, यंत्राचे बटण दाबून ते सुरू होत नाही हे पाहणे आणि शेवटी टेस्टरने वीज नसल्याचे तपासणे.

बटण दाबल्यावर मिक्सर सुरू झाला नाही, त्यामुळे सगळ्यांना काम झाले असे वाटले. वायरमनने सवयीप्रमाणे खिशातला निऑन टेस्टर काढून टर्मिनल पट्टीवर फिरवला. मोटरच्या तिन्ही फेजवर दिवा लागला नाही, पण टर्मिनल क्रमांक १४ वर तो मंद लागला. दुसरा वायरमन म्हणाला, “रिटर्न असेल, शेजारच्या केबलमुळे येतंय.” अशी प्रेरित विद्युत निऑन टेस्टरला खरोखर दिसते, त्यामुळे त्याचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. तरीही नवा घेतलेला द्विध्रुवी टेस्टर (दोन टोके लावून व्होल्टेज मोजणारा) आणला, तो आधी शेजारच्या चालू पॅनेलवर लावून चालतो याची खात्री केली आणि मग १४ क्रमांक व न्यूट्रल यांच्यात लावला. टेस्टरवरचे भार देणारे बटण दाबूनही २२८ व्होल्टचा आकडा जराही खाली आला नाही. प्रेरित विद्युत असती तर बटण दाबताच आकडा कोसळला असता. तो खरा पुरवठा होता.

शोध घेतल्यावर कारण सापडले. मिक्सरमधून पडणारी वाळू ज्या कन्व्हेयरवर जाते तो चालू असेल तरच मिक्सर सुरू व्हावा, यासाठी कन्व्हेयरच्या पॅनेलमधून २३० व्होल्टचा इशारा मिक्सरच्या पॅनेलमध्ये आणलेला होता. मिक्सरचा मुख्य स्विच पडला तरी ती तार जिवंत राहत होती. मिक्सरच्या पॅनेलमध्ये हात घालणाऱ्या वायरमनला कुलूप पाहून निर्धास्त वाटले असते आणि त्याच हाताला शॉक बसला असता.

चाचणीला दोन तास दहा मिनिटे लागली, आम्ही चाळीस मिनिटे धरली होती.

५ जून

२ जूनच्या दोषावर आम्ही केलेला पहिला उपाय चुकला. इशाऱ्याची वीज कन्व्हेयरकडून घेण्याऐवजी मिक्सरच्या पॅनेलमधून पाठवली आणि कन्व्हेयरच्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा) मोकळा संपर्क वापरून परत आणली. मिक्सरचे पॅनेल स्वच्छ झाले. संध्याकाळी कन्व्हेयरला कुलूप लावून तपासले, तेव्हा तेच २३० व्होल्ट कन्व्हेयरच्या पॅनेलमध्ये दिसले. आम्ही धोका फक्त एका पॅनेलमधून दुसऱ्यात हलवला होता.

यानंतर शॉकचा धोका राहू नये म्हणून दोन पॅनेलांमधील सगळे इशारे २४ व्होल्ट डीसीच्या कमी दाबावर नेले. सँड प्लांटमध्ये असे सहा इशारे होते. पॉवर सप्लाय आणि रिले आमच्या भांडारात होते, त्यामुळे नवा खर्च झाला नाही, मात्र दोन वायरमनांचे पूर्ण तीन दिवस गेले. ज्यांच्याकडे हा बदल लगेच शक्य नसेल, त्यांनी निदान त्या तारांना नारिंगी रंगाची बाही घालावी आणि दोन्ही पॅनेल कुलूपबंद केल्याशिवाय काम सुरू करू नये.

द्विध्रुवी टेस्टर दोन घेतले, प्रत्येकी ४,८०० रुपये. वापरण्याआधी चालू जागी तपासायचा, मग बंद केलेल्या जागी, आणि नंतर पुन्हा चालू जागी, हा नियम केला. निऑन टेस्टर खिशात ठेवण्यास बंदी नाही, परंतु त्याच्या भरवशावर ‘वीज नाही’ असे म्हणण्यास बंदी आहे.

१६ जून

आज पॉवर फॅक्टर पॅनेल, म्हणजे कपॅसिटर बसवलेले पॅनेल घेतले. स्विच पाडून कुलूप लावल्यावर कपॅसिटरमधील साठलेली वीज उतरेपर्यंत थांबावे लागते. आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार कमी दाबाच्या कपॅसिटरचे व्होल्टेज तीन मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आले पाहिजे. आम्ही दहा मिनिटे थांबलो आणि एकेक कपॅसिटर मोजला. अकरा ठीक होते, बाराव्यावर १८० व्होल्ट डीसी मिळाले. त्याच्या डिस्चार्ज रोधकाचा एक पाय गंजून तुटला होता. रोधक लावलेल्या डिस्चार्ज दांडीने तो उतरवला आणि कपॅसिटर बदलला.

आता या पॅनेलच्या टॅगवर थांबण्याची वेळ लिहिलेली नाही, ‘प्रत्येक कपॅसिटर मोजल्यावरच हात लावा’ असे लिहिले आहे. वेळ लिहिली की माणूस घड्याळाकडे पाहतो आणि मोजत नाही, हे मी आमच्याच विभागात पाहिले.

२३ जून

भट्टीच्या बाबतीत मी मोठी चूक करण्याच्या बेतात होतो आणि भट्टीवरच्या ऑपरेटरने ती थांबवली. भट्टी क्रमांक दोनच्या पॅनेलसाठी कुलुपांची यादी करताना तिला लागणारा प्रत्येक फीडर मी यादीत घातला, त्यात कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचाही होता. यादी वाचून ऑपरेटर म्हणाला, “साहेब, भट्टी तापलेली असताना पंप बंद केला तर कॉइलमधलं पाणी उकळंल.” त्याचे बरोबर होते. भट्टीची वीज तोडली तरी अस्तरातली उष्णता कितीतरी तास कॉइलकडे येत राहते आणि पाणी थांबले तर कॉइल जळते. वितळलेला धातू असताना कॉइलचे पाणी धातूपर्यंत पोहोचले, तर स्फोट होतो, हे फौंड्रीतल्या माणसाला सांगायला नको.

त्या दिवसापासून प्रत्येक यंत्राच्या कार्डावर (कुलपांची यादी असते त्यावर) दोन रकाने आहेत: काय बंद करायचे आणि काय बंद करायचे नाही. भट्टीच्या कार्डावर दुसऱ्या रकान्यात पाण्याचा पंप आणि आणीबाणीच्या टाकीचा व्हॉल्व्ह आहे. त्या पंपावर हिरवी पाटी लावली. आता कोणतेही कार्ड त्या यंत्राच्या ऑपरेटरला वाचून दाखवल्याशिवाय मी त्यावर सही करत नाही.

१ जुलै

पहिल्या पाळीचा एक फिटर मोल्डिंग यंत्रावर आपले कुलूप तसेच ठेवून, किल्ली खिशात घेऊन घरी गेला. काम पूर्ण झाले होते, फक्त कुलूप काढायचे राहिले होते. दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने कटर मागवला. मी नकार दिला, त्यावर बरीच बोलाचाली झाली. फिटरचा फोन लागत नव्हता. शेवटी एक जण दुचाकीवरून त्याच्या गावी जाऊन किल्ली घेऊन आला. उत्पादन दोन तास चाळीस मिनिटे थांबले आणि दुसऱ्या दिवशी मला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागले.

मी दिलेल्या उत्तरात कटर न वापरल्याबद्दल दिलगिरी नाही. पण त्या वेळी कुलूप काढण्याची ठरलेली रीत आमच्याकडे नव्हती आणि तो दोष खरा आहे. ती आता अशी आहे: कुलपाच्या मालकाशी फोनवर बोलायचे, बोलणे न झाल्यास तो आवारात नाही हे गेटच्या हजेरीवरून आणि यंत्राच्या आत-बाहेर पाहून निश्चित करायचे, पाळीचा अभियंता आणि देखभाल प्रमुख या दोघांच्या सह्या झाल्यावरच कुलूप कापायचे, आणि तो माणूस पुन्हा कामावर आल्यावर यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याला ते सांगायचे. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण आपले कुलूप अजून तिथेच आहे असे समजून तो थेट यंत्रात उतरू शकतो.

पाळी बदलताना काम अपुरे असेल, तर येणाऱ्याचे कुलूप आधी लागते आणि मगच जाणाऱ्याचे निघते.

८ जुलै

पावसामुळे टॅग टिकत नाहीत. लॅमिनेट केलेले कागदी टॅग (९०० रुपये) दमट हवेने कडेला सुटले आणि भट्टीजवळचे उष्णतेने वळले. ३० पीव्हीसी टॅग प्रत्येकी ८५ रुपयांनी, म्हणजे २,५५० रुपयांना करून घेतले. आमच्याकडे बिहार आणि ओडिशाहून आलेले बरेच कामगार असल्याने मजकूर मराठी आणि हिंदीत आहे. प्रत्येक टॅगवर कुलूप लावणाऱ्याचा फोटो, नाव आणि फोन आहे. फोटोची सूचना एका कंत्राटी कामगाराची होती. नावापेक्षा चेहरा पाहिला की स्विचला हात लावणारा थांबतो, असे त्याचे म्हणणे होते आणि मला ते पटले.

कुलपांच्या भोकांत वाळूची बारीक धूळ जाऊन किल्ली अडकते. तेल घातल्यावर धूळ आणखी चिकटली, म्हणून ग्रॅफाइटची पूड वापरतो.

१५ जुलै

मुख्य वितरण पॅनेलवरचे काम. महावितरणचा पुरवठा आमच्या बाजूच्या ब्रेकरवर तोडून कुलूप लावणे हा सोपा भाग होता. पुरवठा जाताच डिझेल जनरेटर आपोआप सुरू होतो आणि त्याच बसबारवर (पॅनेलमधील मुख्य वीजवाहक पट्ट्यांवर) वीज देतो. त्यामुळे जनरेटरचा निवडक स्विच बंद करून, त्याची बॅटरी सोडवून, त्याच्या ब्रेकरवर वेगळे कुलूप लावावे लागते. तिसरा स्रोत छतावरच्या सौर पॅनेलांचा. ग्रिड गेल्यावर सौर इन्व्हर्टर स्वतः थांबतो, तरी त्यावर विसंबून न राहता त्याच्या एसी आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लावले. पॅनेलांपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी तारा दिवसा उजेडात जिवंतच राहतात. त्या ठिकाणी काम असल्यास ते सौर यंत्रणा बसवणाऱ्या परवानाधारकाकडूनच करून घ्यायचे, असे ठरवले.

आठ माणसे एकाच वेळी काम करत होती. तिन्ही स्रोतांच्या कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत (२,२०० रुपये) ठेवून त्या पेटीवर आठ जणांनी आपापली कुलपे लावली. काम सुरू करण्यापूर्वी बसबार तपासून तिन्ही फेज अर्थिंगला जोडले. दुपारी एक वाजता पावसात ग्रिडचा पुरवठा खरोखर गेला. जनरेटर सुरू झाला नाही. पेटीवर आठ कुलपे होती, बसबारवर अर्थिंग होते आणि कामात कोणाचाही हात थांबला नाही.

२८ जुलै

बाहेरच्या कंत्राटदाराची माणसे कॉम्प्रेसरच्या कामाला आली आणि आमच्या वायरमनच्या कुलपाच्या भरवशावर काम करू लागली. त्यांना गेटवरच स्वतःची कुलपे देण्याचे ठरले. मोल्डिंग यंत्राची वीज कुलूपबंद असूनही वाळूचे झाकण एकदा खाली आले, कारण हवेची लाइन रिकामी केली नव्हती. कार्डात हवेचा व्हॉल्व्ह आणि झाकणाखाली लावायचा टेकू जोडला.

९ ऑगस्ट

आज मामा पुन्हा मिक्सरमध्ये उतरले. मी पॅनेलजवळ उभा होतो. वायरमनने स्विच पाडला, हॅस्प लावला, आपले कुलूप लावले. मामांनी स्वतःचे कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. मग त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिले, बटण पुन्हा बंदवर आणले आणि वायरमनला म्हणाले, “मीटर मला दाव.” टेस्टरचा शून्य आकडा त्यांनी तिन्ही फेजवर आणि १४ क्रमांकावरही पाहिला. आत त्यांना पन्नास मिनिटे लागली. पद्धतीला अकरा मिनिटे गेली, २ जूनला तिलाच दोन तासांहून अधिक लागले होते.

आतापर्यंतचा खर्च ७७,९१० रुपये झाला आहे. त्यातला निम्म्याहून अधिक सात स्विच बदलण्याचा आहे आणि ६,९६० रुपये माझ्या चुकीच्या खरेदीचे आहेत. एकवीसपैकी सतरा यंत्रांची कार्डे पूर्ण झाली. फेटलिंगमधील चार ग्राइंडर प्लगवर चालतात, त्यांना कुलूप लावायला जागा नाही. त्यांच्या प्लगभोवती बसणारी कुलूपबंद डबी मागवली आहे. ती येईपर्यंत चाक बदलणाऱ्याने प्लग काढून तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवायचा, असे फेटलिंगच्या फोरमनला लेखी दिले आहे.